बारा महिने 'ड्राय डे'!

दारूच्या दुकानाचं लायसन्स कुणी द्यायचं आणि कुणी अडवायचं? सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुरू झालेला एक वाद मला थेट सूरजागडच्या डोंगरापर्यंत घेऊन गेला…

सुरुवात पुण्यातून. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर तीन गाळे आहेत. एकात लाँड्री, एकात केक शॉप आणि तिसऱ्याला गेलं वर्षभर कुलूप. तर एका रविवारी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली, तिसऱ्या गाळ्यात बीअर शॉपी येतेय! बस्स. एरवी पाण्याच्या टँकरवरूनही जमत नाहीत एवढी माणसं त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये जमली.

नियम असा की, सोसायटीच्या आवारात बीअर शॉपी किंवा वाईन शॉप सुरू करायचं असेल तर सोसायटीची ना-हरकत लागते. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने हे विधिमंडळात जाहीर केलं. त्यामुळे आमचे चेअरमन काका एकदम कलेक्टरच्या थाटात. दुसऱ्या मजल्यावरची आयटीवाली मुलं म्हणाली, "काय प्रॉब्लेम आहे? कोपऱ्यावर दोन आहेतच की!" पाचव्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "माझी नात ट्यूशनवरून आठ वाजता येते." दोघांचंही मला पटलं. खरं सांगते, शुक्रवारी रात्री डेडलाईन संपली की एखादी थंडगार बीअर मीही घेते. पण माझ्या जिन्याखाली दुकान? नको बाबा! मतदान झालं, मी विरोधात हात वर केला आणि सेक्रेटरींनी तो अगदी प्रेमाने खाली घ्यायला लावला. "मॅडम, भाडेकरूंना मत नाही."

जिना मी चढणार, रात्री उशिरा मी परतणार आणि मत मात्र सिंगापूरला राहणाऱ्या माझ्या घरमालकिणीला!

हा किस्सा मी नागपूरच्या एका मैत्रिणीला फोनवर रंगवून सांगितला. ती हसली आणि म्हणाली, "तुझ्या एका गाळ्याचं काय घेऊन बसलीस! आमच्याकडे अख्खा जिल्हा बंद आहे. एक बंद होऊन परत उघडला. ये एकदा." मार्च संपत आला होता, मोहाचा सीझन. मी तिकीट काढलं.

आधी चंद्रपूर : बंद, चालू…

पूर्व विदर्भाच्या नकाशावर तीन जिल्हे बघा. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली. वर्ध्यात गांधीजींच्या सेवाग्राममुळे सत्तरीच्या दशकापासून दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून. आणि मधल्या चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत. म्हणजे सहा वर्षं सलग तीन जिल्ह्यांचा पट्टा 'ड्राय' होता.

चंद्रपूरची बंदी काही वरून टपकली नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामींबरोबर हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या होत्या. पायी! ऐन थंडीत. सरकारने समिती नेमली, समितीने बंदीची शिफारस केली, तरी फाईल हलेना. सरकार बदललं, सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. मग पुन्हा सरकार बदललं, पालकमंत्री विजय वडेट्टीवारांनी बंदी उठवण्याचा आग्रह धरला, निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांची समिती बसली आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. कारण काय? बंदीमुळे अवैध विक्री आणि गुन्हेगारी वाढली, बायका-मुलंही या धंद्यात ओढली गेली.

चंद्रपुरात एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसले. बाहेर झगमगीत पाटी, आत एसीचा गारवा, शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी प्रमोशन सेलिब्रेट होत होतं. अगदी आपल्या बाणेर-बालेवाडीसारखं. मॅनेजर गप्पिष्ट होते. मी विचारलं, बंदीत काय केलंत? "का करतो ताई? फॅमिली रेस्टॉरंट केलं. पनीर विकलं." मग जरा थांबून म्हणाले, "गिऱ्हाईक मात्र दारू पिऊनच येत होतं. कुठून आणत होतं ते नाही विचारलं आम्ही."

रिक्षावाल्या काकांना हाच प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं उलटं. "बंदी होती तवा पव्वा दुप्पट भावानं भेटे. म्हणून मी अर्धीच पेत होतो. आता स्वस्त झाली, पुरी पेतो. सांगा, कोणतं चांगलं?"

सांगा! एमबीएच्या कुठल्या केस स्टडीत आहे याचं उत्तर?

थोडं बोअर, पण कामाचं

इथे एक पॉझ घेऊ. कारण आपण सगळे 'परमिट रूम'मध्ये जातो, पण त्या नावातलं परमिट कसलं हे विचारत नाही. महाराष्ट्रात दारूचा कायदा आहे १९४९ चा आणि त्याचं मूळ नावच 'मुंबई दारूबंदी कायदा'. म्हणजे बंदी हा नियम, पिणं हा अपवाद! कायद्याने तुमच्या खिशात पिण्याचा परवाना हवा आणि हार्ड ड्रिंकसाठी वय पंचवीस पूर्ण हवं. (ऑफिसच्या पार्टीत जरा आजूबाजूला नजर टाका.) लायसन्स देतं ते राज्य उत्पादन शुल्क खातं, जिल्हाधिकाऱ्यांच्या मार्फत. नगरसेवक फार तर पत्र देतो, मोर्चा काढतो किंवा उद्घाटनाला येतो.

मग सामान्य माणसाच्या हातात काय? तर एक भन्नाट गोष्ट. 'उभी बाटली, आडवी बाटली'. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. बाटली उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण गोम अशी की, 'आडवी'ला झालेल्या मतांच्या नव्हे, तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडायला हवीत. म्हणजे जी बाई त्या दिवशी मजुरीला गेली, माहेरी गेली किंवा नवऱ्याच्या धाकाने घरीच बसली, तिचं मत आपोआप 'उभ्या'च्या बाजूने! आमदारही एवढ्या मतांनी निवडून येत नाहीत.

जगात सगळीकडे या लायसन्सच्या गमती सुरूच असतात. अमेरिकेत जॅक डॅनियल्सची जगप्रसिद्ध व्हिस्की जिथे बनते, ती टेनेसीमधली मूर काउंटी स्वतः 'ड्राय' म्हणून प्रसिद्ध. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, तर केरळमधल्या एका बारने दारापर्यंत नागमोडी भिंती बांधून अंतरच वाढवलं. कट्टर 'ड्राय' गुजरातने २०२३ च्या अखेरीस गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत पेला भरायची मुभा दिली. सूत्र एकच, जिथे पैसा बसतो तिथे नियम जरा सरकून जागा देतो.

पूल ओलांडला की…

चंद्रपूरहून मूल, सावली आणि मग वैनगंगा. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. पुलाच्या अलीकडे एसटी थांबली तेव्हा खाली उतरलेले दोघे जण घाईघाईने परत चढले, शर्टाच्या आत काहीतरी सांभाळत. कंडक्टरने तिकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं. मला मात्र विचारलं, "ताई, बॅगेत बाटली-बिटली नाही ना? चेकिंग असते कधीमधी." मी एकदम सज्जन चेहरा केला.

पूल ओलांडला आणि पाट्या गायब. वाईन शॉप नाही, बीअर बार नाही, 'गारवा फॅमिली गार्डन' नाही. पुण्या-मुंबईच्या डोळ्यांना किती सवय झालेली असते या पाट्यांची, ते त्या नसल्या की कळतं. गडचिरोली हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला जिल्हा. इथे ऐंशीच्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' सुरू केली, गावोगाव दारूविरोधाची चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये बंदी आली. २०१६ पासून सरकार, 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांचा 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम गावोगाव चालू झाला. चंद्रपूरची बंदी उठली तेव्हा 'आता गडचिरोलीचीही उठवा' अशी हाकाटी झाली आणि शेकडो गावांनी ठराव करून सांगितलं, आमची राहू द्या!

गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. रस्ता लांबलचक. दोन्ही बाजूंना साग आणि मध्येच कुठेतरी पूर्ण निष्पर्ण पळस, नुसता केशरी. आणि समोरून ट्रक. एकामागोमाग एक ट्रक, ताडपत्री बांधलेले, लाल धुळीने माखलेले. शेजारच्या सीटवरच्या आजीने पदर नाकाला लावला आणि मलाही खूण केली, लाव. ही सूरजागडची धूळ. डोंगर बघायच्या आधी मी तो नाकात घेतला होता.

देवाला काय, कोल्ड्रिंक?

आलापल्लीहून एटापल्ली तीसेक किलोमीटर. तिथे मैत्रिणीच्या ओळखीची एक अंगणवाडी सेविका भेटली. तिच्या स्कूटीवर मागे बसून आम्ही निघालो. ज्या गावात गेलो त्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या बायकांनीच तसं सांगितलं. गाव माडिया गोंडांचं, तीसेक घरांचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मला हलवून उठवलं. "चला ताई, मोह पडून राहिला." बाहेर अजून अंधार. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली. आणि त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी, रसरशीत, मण्यांसारखी फुलं टप्… टप्… पडत होती. अख्खं घर वेचायला. आजीपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत. वास असा गोड आणि जड की, मला रिकाम्या पोटी जरा गरगरलंच. एक फूल तोंडात टाकलं. मनुका आणि मध एकत्र चावल्यासारखं लागलं.

मोह म्हणजे दारू हे आपलं शहरी समीकरण. इथे मोह म्हणजे वाळवून ठेवलेलं खाणं, टोळीचं तेल आणि हाती नगद पैसा. मोहफुलं गोळा करण्यावर, वाहतुकीवर आणि साठवणुकीवर कायद्याची बंधनं होती. ती राज्य सरकारने २०२१ मध्ये सैल केली. म्हणजे इतकी वर्षं हे पहाटेचं वेचणंसुद्धा संशयाच्या नजरेखाली होतं.

उन्हं चढल्यावर एका मांडवात बसलो. आठ-दहा बायका, दोन म्हातारे, एक तरुण पोरगा. त्या आपसात माडियात बोलायच्या, सेविका मला मराठीत सांगायची. मी आपला बाळबोध प्रश्न विचारला, "दारूबंदी हवी की नको?"

आधी बोलले एक आजोबा. त्यांना मराठी येत होतं आणि राग तर त्याहून चांगला येत होता. "आमचा देव मोह पेते. जल्म झाला, मोह. लगीन, मोह. माणूस मेला, मोह. तुमचं सरकार म्हणते बंद. मंग देवाले का द्याचं, कोल्ड्रिंक?"

मी हसले. पण कुणीच हसलं नाही, तेव्हा गप्प झाले. मुद्दा बरोबरच होता. मुंबईत, नागपुरात बसून काढलेला एक आदेश आणि त्यात फाईव्ह स्टारचा बार आणि देवापुढचा द्रोण एकाच ओळीत. शेजारच्या छत्तीसगडमध्ये आदिवासींना घरगुती वापरापुरती दारू गाळायची मुभा आहे. मध्य प्रदेशने तर मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून बाटलीत भरलं. आणि सीमेच्या अलीकडे तीच गोष्ट गुन्हा!

मी वहीत मोठ्ठ्या अक्षरात लिहिलंसुद्धा, 'बंदी = संस्कृतीवर घाला'. स्टोरीचं हेडिंग मिळालं, असं वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई बोलली. वय असेल माझ्याएवढंच, मांडीवर झोपलेली मुलगी. सेविकेने तिचं बोलणं सांगितलं ते असं : "देवाला द्यायला द्रोणभर पुरते. ड्रमभर कुणासाठी काढता?"

मांडवात एकदम शांतता.

मग कळलं ते असं. आधी मोह सीझनला निघायचा, सणाला निघायचा. मग काही घरांनी विकायला काढायला सुरुवात केली. मोह संपला की काळा गूळ. गुळाचा सडवा बारा महिने घालता येतो, झटपट होतो. त्या गुळाच्या दारूला ना देव, ना सण. पिणारे तरुण आणि पैसा जातो तो बायकांनी वेचलेल्या फुलांचा, तेंदूपत्त्याचा. मार कुणी खायचा ते वेगळं सांगायला नको. ज्या बाईने द्रोणाचा हिशेब मांडला, तिचा दीर या दारूतच गेला. हे तिने सांगितलं नाही, परतताना सेविकेने सांगितलं.

तर या गावाने काय केलं? ग्रामसभा घेतली. एकदा नाही, चार वेळा, कारण पहिल्या तिन्ही वेळा भांडणं झाली. चौथ्या वेळी ठरलं : विक्री बंद म्हणजे बंद. विकताना सापडला तर दंड, दंडाचे पैसे गावाच्या खात्यात. गुळाचा सडवा दिसला तर बायका जाऊन ओतणार. पण देवाच्या कामाला, लग्नाला, मयताला किती काढायची ते आधी ग्रामसभेला सांगायचं. सांगितलं तेवढीच काढायची. आजोबांचा देव राहिला आणि हिचं घरही राहिलं.

कायद्याच्या पुस्तकात हे बसतं का? जिल्ह्याच्या दारूबंदीत नाही बसत. तिथे एक द्रोणही गुन्हा. पण १९९६ चा 'पेसा' नावाचा कायदा आहे, अनुसूचित क्षेत्रांसाठी. त्यात मादक पदार्थांवर बंदी घालणं, विक्री आणि सेवन यांचं नियमन करणं, हे अधिकार ग्रामसभेच्या हाती यावेत असं स्पष्ट म्हटलंय. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ मध्ये. म्हणजे तीस घरांच्या या गावाला माझ्या तीनशे फ्लॅटच्या सोसायटीपेक्षा जास्त अधिकार आहेत! आणि इथे भाडेकरू-मालक भानगड नाही. मांडीवर मूल घेऊन बसलेल्या त्या सुनेचं मत आजोबांच्या मताएवढंच मोजलं गेलं.

वहीतलं हेडिंग मी खोडलं.

आणि मग तो डोंगर

दुपारी सूरजागडकडे निघालो. वाटेत पुन्हा ट्रक. दोनदा स्कूटी रस्त्याच्या कडेला उतरवावी लागली.

सूरजागड म्हणजे परिसरातल्या सत्तर गावांचा इलाका. डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं. दरवर्षी ५ ते ७ जानेवारीला इथे यात्रा भरते, लांबलांबून माणसं चालत येतात. आणि त्याच डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज. लॉईड्स मेटल्सला ३४८ हेक्टरची खाणपट्ट्याची लीज मिळाली २००७ मध्ये, काम सुरू झालं २०१६ ला. त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी पंचाहत्तरहून जास्त वाहनं जाळली. २०२१ पासून खाण पुन्हा जोरात सुरू झाली. २०२३ मध्ये वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत उत्खनन वाढवायला पर्यावरण मंजुरी मिळाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा प्रकल्प आला.

लांबूनच दिसला तो. हिरव्या रांगांमध्ये एकच डोंगर, पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला, विटेसारखा लाल. कॅमेरा मी बॅगेतच ठेवला. सेविका म्हणाली, "लहान होती तवा आजोबांसंगं चढली होती मी वरी."

एका टपरीवर चहाला थांबलो. तिथे खाणीवर कामाला असलेला एक पोरगा भेटला. इस्त्रीचा शर्ट, नवीकोरी बाईक. तो म्हणाला, "मॅडम, पुण्यावाले येतात, फोटो काढतात, डोंगर गेला म्हणतात. माझ्या बापानं अख्ख्या जन्मात पाहिला नाही तेवढा पैसा मला एका महिन्यात भेटते. तुम्ही देता का?" मी नाही देत. माझ्या ऑफिसच्या इमारतीतलं लोखंड कुठून आलं तेही मला माहीत नाही.

पैसा आला, की त्याच्यामागे काय येतं हेही टपरीवरच कळलं. आता या भागात मोहाची, गुळाची 'स्टाईल' गेली. पोरांना हवी इंग्लिश. सीलबंद पव्वा, बाहेरून येणारा, रात्री बाईकवर पोचणारा, दुप्पट-तिप्पट भावाचा. गावातल्या बायकांनीही हेच सांगितलं होतं. भट्टी लपत नाही, जंगलात धूर दिसतो, वास येतो, चार जणी जाऊन ओतून येतात. पण बाईकच्या डिकीतला पव्वा कसा शोधायचा? आणि विकणारा आपल्या गावचा नसेल, तर त्याला ग्रामसभेचा दंड कसा लावायचा?

टपरीवरच्या बाकड्यावर बसून मला दुसरीच एक गोष्ट आठवत होती. या खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी झाली ती २७ ऑक्टोबर २०२२ ला. कुठे? सूरजागडला नाही. एटापल्लीलाही नाही. गडचिरोली शहरात, ज्या लांबलचक रस्त्याने मी एसटीत पाठ मोडून घेत आले, त्याच्या दुसऱ्या टोकाला. पुढच्याच वर्षी याच तालुक्यात तोडगट्ट्याला नव्या खाणींच्या विरोधात लोक महिनोन् महिने ठिय्या देऊन बसले.

म्हणजे ज्या 'पेसा'ने ग्रामसभेला घडाभर दारूवर निर्णय घ्यायचा अधिकार दिला, त्याच ग्रामसभेला डोंगराबद्दल बोलायचं तर बस पकडून जिल्ह्याच्या गावी जायचं. द्रोणाचा हिशेब गावात, डोंगराचा गावाबाहेर. बंदी हवी की नको, खाण हवी की नको, यावर या इलाक्यात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं मला भेटली. पण 'आम्हाला विचारा' हे त्या मांडवातल्या प्रत्येकाने म्हटलं. आजोबांनी, द्रोणवालीने आणि बाईकवाल्या पोरानेसुद्धा.

परत पार्किंगमध्ये

निघायच्या दिवशी त्या बायकांनी मला वाळवलेल्या मोहाची एक पुरचुंडी दिली. वर बजावलं, "खायला दिलाय, काढायला नाही!" कंडक्टरने पुन्हा बॅगेचं विचारलं तेव्हा मी पहिल्यांदाच जरा अडखळले.

पुण्यात आले तर ग्रुपवर अजून तेच चाललेलं. ना-हरकतीची मीटिंग पुढे ढकललेली. बीअर शॉपीवाल्याने सोसायटीच्या गणपतीला भरघोस वर्गणी देऊ केल्याची कुजबुज. मला उगाचच नागमोडी भिंतीवाला बार आठवला.

त्या रात्री खाली उतरले तर वॉचमनची बायको गाळ्यासमोरच्या कट्ट्यावर भांडी घासत होती. त्यांची खोली गाळ्याला लागूनच, भिंतीला भिंत. दोन मुली. मी विचारलं, "वहिनी, इथे बीअरचं दुकान येतंय म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?" तिने हात पुसले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "आम्हाला कोण विचारतंय ताई?"

मी घरमालकिणीला सिंगापूरला फोन लावला. म्हटलं, यंदा सुट्टीला येणारच आहात, तर मीटिंगच्या तारखेला या आणि विरोधात मत द्या. त्या जोरात हसल्या. "अगं, पण तू स्वतः घेतेस ना बीअर?"

घेते की. पण ती भिंत माझी नाही. ज्यांची आहे त्यांना कुणी विचारलेलं नाही. मी त्यांना तसं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "तारीख कळव."

जायचं असेल तर…

कसं जाल : जवळचं मोठं शहर आणि विमानतळ नागपूर. रेल्वेने चंद्रपूर किंवा बल्लारशाह. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे हवी तर वडसा (देसाईगंज). पुढे एसटी किंवा खासगी गाडी. आलापल्लीच्या पुढे उजेडातच प्रवास करा आणि गाडी भरवशाच्या, स्थानिक ड्रायव्हरची घ्या.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मोह बघायचा तर मार्चअखेर ते एप्रिल, पण उन्हाची तयारी ठेवा.

काय बघाल : चामोर्शीजवळ वैनगंगेकाठचं मार्कंडा देवस्थान, आलापल्लीचं जुनं सागवान जंगल 'वनवैभव', कमलापूरचा हत्ती कॅम्प आणि भामरागड तालुक्यात हेमलकसा इथे १९७३ पासून सुरू असलेला लोकबिरादरी प्रकल्प. गावांमध्ये ओळखीशिवाय घुसू नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

काय नेऊ नका : बाटली! अख्खा गडचिरोली जिल्हा कोरडा आहे. 'एकच तर आहे' हे कारण पुलावर चालत नाही.